घरच्या संगणकावरील दूरचित्रवाणी : चित्र अडखळतें कां?

(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या मालवण भागांत कार्तिक महिना लागला कीं गांवोगांवच्या जत्रांना आरंभ होतो. रात्रीं देवळाच्या आवारांत दशावतार उभा राहतो आणि पहांटे दहीकाल्यानें त्याची समाप्ति होते. माझ्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचा उभा जन्म या दशावतारांत पखवाज वाजविण्यांत गेला. गेलीं चार वर्षें गुडघ्यांच्या दुखण्यानें त्यांचें जत्रेस जाणें बंद झालें आहे. त्यांच्या मुंबईच्या चिरंजीवांनीं आपला जुना लॅपटॉप त्यांच्याकडे पाठवून दिला; हेतु हा कीं, सह्याद्रि वाहिनीवरील कार्यक्रम आणि इंटरनेटवर हल्लीं विपुल मिळणारीं दशावतारी नाटकें वडिलांना घरबसल्या पाहतां यावींत. परंतु आठ दिवस झाले नाहींत तोंच म्हातारबुवा काठी टेकीत माझ्या ओसरीवर आले आणि म्हणाले, "मास्तरांनू, हात खंय आणि थाप खंय! ह्यां बघण्यापरास न बघललां बरां."

मीं जाऊन पाहिलें. तक्रार खरी होती, पण ती एक नव्हती. पखवाज्याचा हात पखवाजावर पडून वर उचलला गेला तरी थाप ऐकूं येत नसे. लढाईच्या प्रसंगीं चित्र मधूनच उडी मारी. बातम्यांच्या तळाशीं सरकणारी अक्षरांची पट्टी ठेंचकाळत चाले. आणि डीडी फ्री डिशच्या पेटींतून पेनड्राइव्हवर उतरविलेल्या कार्यक्रमांत तर हलणाऱ्या माणसाच्या कडांना फणीसारखे दांते फुटलेले दिसत. एका दुकानदारानें हें सर्व पाहून निकाल दिला होता कीं, यंत्र जुनें झालें, नवें घ्या, पंचेचाळीस हजार पडतील. पखवाजाच्या बिदागीवर ज्या घराचा संसार झाला, त्या घरांत ही रक्कम लहान नव्हे. म्हणून त्या यंत्राच्या मागें मीं पंधरा दिवस घालविले. त्यांत जें समजलें तें आज आपणांपुढें मांडतों. शहरांतील पुष्कळ घरांत हाच अनुभव येत असेल आणि पुष्कळ घरांत असाच निकालहि मिळत असेल.

प्रथम चित्र हलतें कसें तें पाहूं. खरें म्हणजे तें हलत नाहींच. स्थिर चित्रें एकामागून एक इतक्या त्वरेनें डोळ्यांपुढून जातात कीं, मन त्यांना जोडून घेतें. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाचीं ठराविक अंतरानें चित्रें घेऊन एक लहानशी फिल्म तयार केली होती. दिवसानुदिवस चाललेली वाढ तींत क्षणार्धांत दिसे. यावरून चित्रें कोणत्या अंतरानें घेतलीं आणि कोणत्या अंतरानें दाखविलीं या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हें ध्यानीं येईल. हीं दोन अंतरें सारखीं असलीं तर गति स्वाभाविक दिसते. १९१३ सालच्या मूकपटांत कॅमेऱ्याचा दांडा हातानें फिरवीत. सेकंदास सोळाच्या आसपास चित्रें उतरत. पुढें तींच चित्रें वेगानें दाखविलीं गेल्यामुळें जुन्या मूकपटांतील माणसें आपणांस तुरुतुरु धांवतांना दिसतात. बोलपट आला आणि ही मोकळीक संपली. आवाज कमीजास्त वेगानें चालविला तर स्वर चढतो किंवा उतरतो, आणि तें कानाला तत्क्षणीं कळतें. त्यामुळें सेकंदास चोवीस चित्रें हा नियम पक्का झाला. १९३२ सालचा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' याच गणितांत बसविलेला आहे आणि आजचे बहुतेक चित्रपटहि.

दूरचित्रवाणीचें गणित मात्र वेगळें. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. आपल्या देशानें स्वीकारलेल्या पद्धतींत चित्राच्या ६२५ रेषा आणि सेकंदास २५ चित्रें. पंचवीसच कां? तर आपल्या घरांतील वीज सेकंदास पन्नास वेळां स्पंदन पावते, आणि चित्राचा मेळ तिच्याशीं घालणें त्या काळीं सोयीचें होतें. अमेरिकेंत विजेचीं स्पंदनें साठ, म्हणून तेथें चित्रें तीस. हा साठाचा आंकडा लक्षांत ठेवावा. आपल्या घरांतील पुष्कळशा अडखळण्याचें मूळ त्यांत आहे.

परंतु सेकंदास पंचवीसच वेळां पडदा उजळला तर तो डोळ्यांपुढें लुकलुकतो. यावर जुन्या अभियंत्यांनीं एक युक्ति काढली. त्यांनीं प्रत्येक चित्राचे दोन भाग केले. आधीं १, ३, ५ अशा विषम रेषा पाठवावयाच्या, नंतर २, ४, ६ अशा सम. अशा रीतीनें सेकंदास पन्नास अर्धचित्रें जातात आणि लुकलुक थांबते. माझ्या शाळेंतला दाखला देतों. वर्गाचा फोटो काढावयाचा आहे. छायाचित्रकारानें प्रथम विषम हजेरीक्रमांकाच्या मुलांचा फोटो घेतला, पन्नासांश सेकंदानें सम क्रमांकाच्या मुलांचा घेतला आणि दोन्ही एकांत एक बसविले. मुलें स्तब्ध असतील तर जोड दिसणार नाहीं. पण तेवढ्या वेळांत सारा वर्ग एका बाजूला सरकला असेल, तर रांगा एकमेकींशीं जुळणार नाहींत. जुन्या कांचेच्या नळीच्या संचांत हीं अर्धचित्रें आळीपाळीनेंच उमटत, त्यामुळें कांहीं बिघडत नसे. संगणकाचा पडदा मात्र संपूर्ण चित्र एकदम दाखविणारा. त्याला दोन अर्धीं एकत्र करून दिलीं कीं हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीचे दांते उमटतात.

हा दोष यंत्राच्या वयाचा मुळींच नव्हे. जमिनीवरचीं जुनीं प्रक्षेपणकेंद्रें आतां बहुतेक बंद झालीं आणि उपग्रहावरून थेट घरांत येणारी दूरदर्शनची सेवा २००४ सालापासून चालू आहे. तथापि सम-विषम रेषांची ही चाल अद्यापि सुटलेली नाहीं. उपाय सोपा आहे. चित्र दाखविणारा जो कार्यक्रम संगणकांत असतो त्यांत रेषा सांधण्याची सोय असते. व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमांत 'डी' हें अक्षर दाबलें कीं ती सुरू होते, आणि तिच्या प्रकारांत 'याडिफ टू एक्स' असा एक प्रकार निवडतां येतो. त्यायोगें प्रत्येक अर्धचित्राचें एकेक पूर्ण चित्र बनून सेकंदास पन्नास चित्रें मिळतात आणि हालचाल मऊ होते. साधे प्रकार निम्मीं अर्धचित्रें टाकून देतात. दांते जातात, पण चालीचा गुळगुळीतपणाहि जातो. पखवाज्याच्या बोटांसारखी चपळ गोष्ट पाहावयाची असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

आतां त्या साठाच्या आंकड्याकडे येतों. संगणकाचा पडदा बहुधा सेकंदास साठ वेळां नवा होतो. आपलीं चित्रें पन्नास. म्हणजे एक दशांश सेकंदांत पांच चित्रें आलीं, पण जागा सहा आहेत. मग संगणक काय करतो? पांचांपैकीं एक चित्र दोनदां दाखवितो. एका सेकंदांत असें दहा वेळां घडतें. पंचवीस चित्रांचा कार्यक्रम असेल तर प्रत्येक चित्राच्या वांट्याला दोन पूर्णांक चार दशांश जागा येतात. अपुरी जागा तर देतां येत नाहीं, म्हणून एका चित्राला दोन, दुसऱ्याला तीन अशी वांटणी होते. चोवीस चित्रांच्या चित्रपटालाहि दोन-तीन, दोन-तीन असेंच वाढावें लागतें. माणूस खुर्चींत बसून बोलत असेल तर हें कळत नाहीं. पण बातम्यांची पट्टी एका गतीनें सरकत असते. तिच्यांतील प्रत्येक अक्षर कांहीं वेळां क्षणभर अधिक थांबतें आणि मग पुढें उडी घेतें. क्रिकेटच्या सामन्यांत चेंडूमागें कॅमेरा वळतो तेव्हांहि तेंच. यंत्र कितीहि नवें आणि महाग असो, पन्नास आणि साठ यांचें भांडण मिटत नाहीं. पंचेचाळीस हजार खर्चूनहि ती पट्टी तशीच ठेंचकाळली असती!

मेळ घालावयाचा तर पडद्याचीच चाल बदलली पाहिजे. विंडोज संगणकांत सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि त्यांत ॲडव्हान्स्ड डिस्प्ले येथवर गेलें म्हणजे 'रिफ्रेश रेट' या नांवाखालीं पडद्याला जमणारे वेग दिसतात. पन्नासाचा आंकडा असेल तर दूरदर्शनच्या कार्यक्रमापुरता तो निवडावा. चित्रपट पाहतांना चोवीस किंवा अठ्ठेचाळीस असल्यास फारच उत्तम. लॅपटॉपच्या अंगच्या पडद्यांत पन्नास क्वचितच असतो. घरचा दूरचित्रवाणी संच एचडीएमआय तारेनें संगणकाला जोडला तर मात्र तो बहुधा सांपडतो, कारण हे संच आपल्या देशांतील प्रक्षेपणासाठींच बनविलेले असतात. कांहीं पडदे आलेल्या चित्रांच्या चालीनें आपली चाल आपोआप बदलतात. ते घरांत असतील त्यांनीं ही सर्व यातायात विसरावी.

दुकानदाराच्या निकालांत सत्याचा अंश कोठें असेल तर तो लढाईच्या प्रसंगीं उडणाऱ्या चित्रांत. येथें थोडें त्रैराशिक करूं. हल्लींच्या चांगल्या चित्रांत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास तीन बाईट धरले तर एका चित्रास ६२,२०,८०० बाईट लागतात. सेकंदास पंचवीस चित्रें. एका तासास सुमारें ५६० गिगाबाईट. एवढा बोजा सामान्य घरच्या तारेंतून येणार नाहीं. प्रत्यक्षांत सेकंदास पांच मेगाबिटांवर असें चित्र पाहतां येतें, आणि मग तासाचे सव्वादोन गिगाबाईट पुरतात. म्हणजे जवळ जवळ अडीचशेंपट आकुंचन झालें. तें कसें साधतें? एक चित्र पूर्ण पाठवावयाचें आणि पुढच्या चित्रांत जेवढें बदललें तेवढेंच कळवावयाचें. दशावताराच्या रंगमंचावर असतें काय? एक बांकडें आणि मागें पडदा. राजा बांकड्यावर बसून संवाद करतो तोंवर बदल थोडा, काम थोडें. युद्ध सुरू झालें, दोन पात्रें गिरक्या घेऊं लागलीं, कीं साऱ्या पडद्यावर बदल होतो आणि तें सर्व उलगडण्याचें काम संगणकाच्या माथीं एकदम येतें. चित्र नेमकें युद्धांतच कां उडे, याचा उलगडा मला येथें झाला.

हें उलगडण्याचें काम संगणक दोन रीतींनीं करूं शकतो. एक म्हणजे मुख्य गणकाकडून, जो वाटेल तें काम करतो परंतु ह्या कामांत घामाघूम होतो. दुसरी, याच कामासाठीं चित्रविभागांत बसविलेल्या खास रचनेकडून, जी थोड्या विजेंत सहज तें करते. मात्र ही खास रचना ज्या भाषा शिकून कारखान्यांतून बाहेर पडली तेवढ्याच जाणते. आकुंचनाच्या भाषा तर वाढतच आहेत : एच-२६४ ही २००३ सालची, एचईव्हीसी २०१३ ची, एव्ही-१ ही २०१८ ची. आमचा लॅपटॉप दहा वर्षांचा. त्याला एच-२६४ उत्तम येई. पण यूट्यूब त्याला व्हीपी-९ नांवाच्या दुसऱ्याच भाषेंत चित्र पाठवीत होतें, आणि तें बिचाऱ्या मुख्य गणकाला एकेक अक्षर लावून वाचावें लागे. हें मला कळलें कसें? यूट्यूबच्या चित्रावर उजवी कळ दाबली कीं 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' अशी ओळ येते. तींत कोणती भाषा चालू आहे आणि किती चित्रें गळलीं तें आंकड्यांत दिसतें. आमच्याकडे युद्धाच्या प्रवेशांत एका मिनिटांत दीडशेंवर चित्रें गळत होतीं. नातवानें मुंबईहून फोनवर सांगितल्याप्रमाणें ब्राउझरमध्यें एच-२६४-इफाय नांवाचें एक लहानसें विस्तारक घातलें. तें यूट्यूबला जुन्याच भाषेंत बोलावयास लावतें. ब्राउझरच्या सेटिंग्जमधील 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' कोणी तरी बंद करून ठेविलें होतें, तेंहि चालू केलें. त्यानंतर पांच मिनिटांत दोन चित्रें गळलीं. खर्च शून्य.

तरीहि अर्ध्या तासानें चित्र पुन्हां अडखळूं लागे. हा उपद्रव आमच्या किनाऱ्याचा खास आहे. खारा दमट वारा आणि धूळ यांचा मिळून एक चिकट थर पंख्याच्या जाळींत बसतो. गणक तापला कीं स्वतःला जपण्यासाठीं आपला वेग उतरवितो. तो बंद पडत नाहीं, फक्त मंद होतो, म्हणून कारण लक्षांत येत नाहीं. शिवाय म्हातारबुवा लॅपटॉप गोधडीवर ठेवून पाहत, त्यामुळें खालून हवा घेण्याचीं छिद्रें बुजत. जाणत्या माणसाकडून पंखा साफ करून घेतला आणि यंत्र पाटावर ठेवावयास सांगितलें. वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीच्या काटकसरींत जातो आणि तेव्हांहि असाच मंदावतो; पावसाळ्यांत हें आम्हांला रोजचेंच.

आतां हात आणि थाप. संगणकांत चित्र आणि ध्वनि या दोन स्वतंत्र धारा चालतात आणि त्यांचा मेळ घालावा लागतो. बहुतेक कार्यक्रम ध्वनीला सूत्रधार मानतात. ध्वनि अखंड चालू ठेवावयाचा, आणि चित्र मागें पडलें तर मधलीं चित्रें गाळून त्याला गांठावयाचें. याचें कारण असें कीं, एखादें चित्र गळलें तर डोळा क्षमा करतो, परंतु आवाजांतला लहानसा खंडहि कानाला खटकतो. आमच्या प्रकरणांत मात्र चित्र पुढें आणि आवाज मागें होता. असें होण्याचें कारण संगणकांत नव्हतें. सुनेनें हौसेनें आणलेला बिनतारी ब्लूटूथ ध्वनिवर्धक त्याला जोडलेला होता. असा ध्वनिवर्धक आवाज आकुंचित रूपांत घेतो, थोडा सांठवितो आणि मग वाजवितो. यांत एकदोन दशांश सेकंद सहज जातात. संभाषणांत ओठांकडे कोणी इतकें पाहत नाहीं. परंतु ज्यानें पन्नास वर्षें नटाच्या पायाबरोबर थाप दिली, त्याला एक दशांश सेकंद म्हणजे मोठी दरी. दीडशें रुपयांच्या तारेनें साधा ध्वनिवर्धक जोडला आणि हात व थाप एकत्र आलीं. बिनतारीच वापरावयाचा असेल तर व्हीएलसीमध्यें 'जे' हें अक्षर दर दाबण्यास आवाज पन्नास सहस्रांश सेकंद अलीकडे आणतें आणि 'के' तेवढाच पलीकडे नेतें.

इंटरनेटच्या मंदगतीबद्दल सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. चित्र थांबून पडद्यावर चक्र फिरूं लागलें तर दोष तारेकडे किंवा वायफायकडे. चक्र नाहीं, आवाज नीट चालू आहे आणि चित्रच उडतें आहे, तर दोष संगणकाकडे. आमच्याकडे घरें जांभ्या दगडाचीं, भिंती जाड. ओटीवरच्या वायफायचें बळ माजघरांत पोंचेपर्यंत निम्मेंहि उरत नाहीं. पांच गिगाहर्ट्झचें वायफाय वेगवान खरें, पण भिंतीपुढें तेंच आधीं हात टेकतें. साधी लॅनची तार घातली तर हा प्रश्नच राहत नाहीं. कार्यक्रम कांहीं सेकंदांच्या तुकड्यांनीं येतो आणि पुढचे तुकडे आधींच सांठवून ठेविले जातात. नळाला पाणी कधीं येईल, कधीं नाहीं, म्हणून आपण गच्चीवर टांकी बसवितों, तसाच हा प्रकार. या सांठ्यामुळेंच थेट प्रक्षेपण खरोखरीचें थेट नसतें. ४ डिसेंबर २०२३ रोजीं तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिनाचीं प्रात्यक्षिकें झालीं. म्हातारबुवा घरींच पडद्यापुढें बसले होते. विमानें कौलांवरून गडगडत निघून गेलीं आणि सुमारें अर्ध्या मिनिटानें तीं पडद्यावर आलीं! त्यांना वाटलें, यंत्र पुन्हां बिघडलें. तो बिघाड नव्हता. सांठा करून दाखविण्याची ती किंमत होती.

एवढें करून लॅपटॉप आतां बरा चालतो. जुगलबंदी लागली कीं म्हातारबुवांचीं बोटें पाटाच्या कडेवर वाजूं लागतात, आणि तरुण पखवाज्यानें कोठें घाई केली तें ते मला मोठ्यानें सांगतात. एक गोष्ट मात्र मला साधली नाहीं. या लॅपटॉपच्या पडद्याला साठाखेरीज दुसरा वेग ठाऊक नाहीं, आणि त्यांच्या घरीं जोडण्याजोगा दूरचित्रवाणी संचहि नाहीं. त्यामुळें बातम्यांची पट्टी अजून ठेंचकाळते. मीं त्याबद्दल दिलगिरी दाखविली तेव्हां ते म्हणाले, "आसांदे मास्तरांनू. बातम्यो मी रेडियोर आयकतंय."